शेअर वर, आम्ही गॅसवर

मंगळवारी सकाळी पावणेदहाला बाबांचा फोन. "अगं, तुझ्या कंपनीचा शेअर चार टक्के वर! काय केलंत काय?"

मी काय करणार? नेहमीसारखी बस पकडून हिंजवडीला पोचले होते, बस्स. जे काही केलं ते आमच्या सीईओंनी. आदल्या संध्याकाळी ॲनालिस्ट लोकांसमोर ते इतक्यांदा 'एआय' म्हणाले, की आम्ही मोजणंच सोडून दिलं. बाजार खूश. कंपनीने दिलेले थोडे शेअर्स माझ्याकडेही आहेत, म्हणजे मीपण खूश! अमृततुल्यवर सगळ्या टीमला चहा माझ्याकडून.

चहा पिता पिता शेजारच्या डेस्कवरचा मित्र म्हणाला, "बझफीड आठवतंय?" हा आमचा चालताबोलता पेपर. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या या कंपनीने सांगितलं, की आम्ही आता ओपनएआयचं तंत्रज्ञान वापरणार. शेअर एका दिवसात दुपटीहून वर! एप्रिलपर्यंत तो पुन्हा एका डॉलरच्या खाली आला. त्याच महिन्यात त्यांनी आपला बातम्यांचा विभाग बंद केला आणि १५ टक्के लोकांना घरी पाठवलं.

उलटंही होतं. मे २०२३ मध्ये 'चेग' या अभ्यासात मदत करणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनी कबूल केलं, की चॅटजीपीटीमुळे नवे ग्राहक कमी मिळतायत. शेअर एका दिवसात जवळजवळ निम्मा!

म्हणजे बाजार आज केलेल्या कामाचे पैसे देत नाही, उद्याच्या नफ्याच्या आशेचे देतो. आता एआय आणून नफा वाढणार कसा? एक तर जास्त काम मिळवून, नाहीतर तेच काम कमी माणसांत करून. दुसरा रस्ता सोपा. त्या दिवशी वाढलेल्या चार टक्क्यांत आमचे पगारही मोजलेले होते, हे चहाच्या नादात माझ्या लक्षातच आलं नाही.

शुक्रवारी त्याला एचआरचं बोलावणं आलं. वीस मिनिटांत तो बाहेर आला, मुकाट्याने डबा आणि हेडफोन बॅगेत टाकले.

संध्याकाळी पुन्हा बाबा. "अजून दीड टक्का वर! विकू नकोस हं."

विकले, बाबा. सगळे नाही, थोडेच. शनिवारी टीमने त्याला जेवायला नेलं, बिल मी भरलं. त्याच्या खुर्चीतून वाढलेले पैसे निदान एका थाळीपुरते तरी त्याच्याकडे परत जायला हवे होते.