चौऱ्याहत्तर की एकवीस?

१९८८ साली रेल्वेत इंजिनावर जायचं म्हणून मी परीक्षा दिली. लेखी पास झालो आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला गेलो. त्या तपासणीची मला अजिबात धास्ती नव्हती. लांबून येणाऱ्या एस.टी.ची पाटी घरातल्या सगळ्यांच्या आधी मी वाचायचो.

डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, मान डोलावली आणि एक पुस्तक पुढे केलं. पानापानावर रंगीत ठिपक्यांची वर्तुळं होती आणि त्या ठिपक्यांत लपलेले आकडे. पहिल्या पानावर १२ होते, ते सांगितले. दुसऱ्यावर ३ दिसले, तेही सांगितले. डॉक्टर गप्प होते. एका पानावर मी २१ म्हणालो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नीट बघा." मी नीट बघितलं. २१च होते. पुढच्या काही पानांवर मला नुसते ठिपके दिसले आणि पोटात गोळा आला. तेवढ्यात एका पानावर ४५ स्वच्छ दिसले. बुडत्याला काडी मिळावी तसा मी मोठ्यानं आकडा सांगितला.

त्यांनी पुस्तक मिटलं. "या पानावर बाकीच्यांना काहीच दिसत नाही," ते म्हणाले. "मलाही दिसत नाही. आणि तुम्ही २१ म्हणालात तिथं ७४ आहेत."

तांबडा आणि हिरवा मला वेगळे ओळखता येत नाहीत, हे मला एकविसाव्या वर्षी असं कळलं. डॉक्टर माणूस चांगला होता. त्यानं समजावून सांगितलं की गाडीमागे हजार माणसं बसलेली असतात आणि रात्री सिग्नलचा फक्त रंगच दिसतो. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी परतीची गाडी पकडली.

इतकी वर्षं कळलं कसं नाही, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे. रंगांची नावं आपण वस्तूंबरोबर शिकतो. पान हिरवं, कुंकू लाल, हे पाठ असतं. पानाकडे बघून मी हिरवा म्हणत होतो आणि सगळे बरोबर म्हणत होते. फसगत व्हायची ती वस्तू अनोळखी असली की. बोरीखाली पोरं लाल बोरं पटापट वेचायची आणि मी हाताला लागतील ती खिशात भरायचो. त्याला घरात 'वेंधळा' असा शब्द होता. बी.एस्सी.ला मिथाइल ऑरेंज टाकून अनुमापन करायचं असे, तेव्हा रंग बदलला की शेजारचा मित्र कोपर मारायचा. मला वाटायचं, सगळेच अंदाजानं करतात.

घरी आलो तेव्हा आत्या आलेली होती. वडील काही बोलले नाहीत. आत्या म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही बाई." एवढंच. पण 'आमच्या' या शब्दावर तिनं जो भार दिला, तो स्वयंपाकघरापर्यंत गेला. आई चुलीपुढे बसली होती. तिनं भाकरी उलटली आणि तव्याकडेच बघत राहिली. मग कुणीतरी म्हणालं, "मामावर गेलाय." आपल्याकडे पोराचं नाक, रंग, हट्ट, आळस, सगळ्याची वाटणी लागलेली असते. चांगलं ते वडिलांच्या खात्यावर आणि खोट निघाली की आजोळाच्या.

गंमत अशी की मामा वायरमन होता. तांबडी, काळी, हिरवी वायर तो अर्ध्या उजेडात ओळखून जोडायचा. त्याच्यावर मी कसा जाणार?

पुढे मी बी.एड. केलं आणि एका गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागलो. आनुवंशिकतेचा धडा शिकवायची वेळ आली तेव्हा मुलांसाठी म्हणून वाचायला घेतलं आणि वाचत बसलो ते स्वतःसाठी.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं, एक वडिलांकडचं. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना या जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं. कोणतं जाईल ते ठरलेलं नसतं. २३ वेळा नाणं उडवावं तसं. मी वर्गात हे फळ्यावर मांडायचो: एकाला दोननं गुणत २३ पायऱ्या गेलं की ८३,८८,६०८ होतात. एका माणसाच्या पोटी इतक्या तऱ्हांचे युग्मक, म्हणजे बीजांडं किंवा शुक्रपेशी, संभवतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा एकदा म्हणाला, "सर, चौऱ्याऐंशी लाख योनी!" योगायोगच, पण तेव्हापासून तो आकडा कुणी विसरलं नाही. शिवाय फुटण्याआधी जोडीदार गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, ती वेगळीच. म्हणून एकाच आईबापांची पोरं सारखी निघत नाहीत. माझा धाकटा भाऊ ठिपक्यांचं ते पुस्तक धडाधड वाचतो.

तेविसावी जोडी मात्र पुरुषात विजोड असते. बाईजवळ दोन एक्स, पुरुषाजवळ एक एक्स आणि एक वाय. तांबडा आणि हिरवा रंग टिपणारी जी द्रव्यं डोळ्याच्या पडद्यात असतात, त्यांची जनुकं एक्सवर आहेत, अगदी शेजारी शेजारी. दोन्ही जवळजवळ सारखी आहेत, शंभरात शहाण्णव भाग एकच. सारख्या दिसणाऱ्या दोन घरांत पाहुणा चुकून शेजारच्या दारात शिरावा, तसं अदलाबदलीच्या वेळी कधीकधी होतं. जोड्या नीट जुळत नाहीत. एका एक्सवर हिरव्याचं जनुक जास्तीचं जातं आणि दुसऱ्यावर ते उरतच नाही. किंवा दोहोंचं मिळून एक अर्धवट जनुक तयार होतं. असा एक्स बाईच्या वाट्याला आला तर बहुधा काही बिघडत नाही, कारण दुसरा चांगला एक्स काम चालवून नेतो. पुरुषाजवळ दुसरा नसतो. म्हणूनच युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात साधारण आठ जण असे सापडतात आणि बायकांत दोनशेत एखादी.

हे वाचून मी वहीत आमच्या घरची वंशावळ काढली. मला वाय दिला वडिलांनी. एक्स आईकडूनच आला, दुसरीकडून येणं शक्यच नाही. म्हणजे आत्याचं म्हणणं खरं होतं. तिला कारण ठाऊक नव्हतं, एवढंच. मामाला आज्जाकडून वाय मिळाला, म्हणून मामा सुटला. पण आईला आज्जाचा एक्स मिळालाच असणार, कारण मुलीला देण्यासाठी बापाजवळ दुसरा एक्स नसतोच. माझी पेन्सिल आज्जाच्या नावावर येऊन थांबली. चूक कदाचित आजीकडूनही आली असेल, म्हणून आज्जाच्या नावापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं. आज्जा १९७९ साली गेले होते. विचारणार कुणाला?

वाचनात एक गोष्ट कळली, तिनं जरा बरं वाटलं. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन असाच होता. त्यानं १७९४ साली स्वतःच्या दृष्टीवर व्याख्यान दिलं. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा, असं त्याला वाटे. मी मेल्यावर डोळे तपासा, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. १८४४ साली तो गेला आणि डोळे तपासले, तर द्रव निळा नव्हता. पण ते डोळे जपून ठेवले गेले आणि १९९५ साली त्यातल्या डीएनएवरून कळलं की त्याच्याजवळ हिरव्याचं जनुकच नव्हतं. त्याच्या भावालाही हाच त्रास होता. आजोबाकडून मुलीवाटे नातवाकडे जाण्याची ही रीत हॉर्नर नावाच्या स्विस डॉक्टरानं १८७६ साली मांडली. तेव्हा एक्स गुणसूत्राचा संबंध कुणाला माहीतही नव्हता. त्यानं नुसत्या घरोघरच्या वंशावळी पाहिल्या होत्या.

आईला सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. सांगितलं तर 'हे तुझ्याकडून आलं' असंच ऐकू जाणार. नाही सांगितलं तर 'मामावर गेलाय' हे चालूच राहणार. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा ती सुपात तांदूळ निवडत होती. मी वही पुढे ठेवली आणि गोल-चौकोनांची वंशावळ दाखवली. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे अप्पांस्नीबी तांबडं-हिरवं कळत नव्हतं म्हणतोस?"

"तसं नक्की सांगता येणार नाही. पण बहुतेक."

तिचा हात सुपातच थांबला. आईचं माहेर गडहिंग्लजजवळ. संकेश्वरी मिरचीचा मुलूख. पिकून पूर्ण लाल झालेलीच मिरची तोडायची, अशी रीत. हिरवी राहिली की वाळल्यावर पांढरट पडते आणि दर मिळत नाही. मिरचीच्या तोड्याला सगळं घर रानात असायचं. आज्जा तोडायला बसले की त्यांच्या पाटीत निम्मी हिरवी. आजी तोंडाचा पट्टा सोडायची. "लक्ष कुठं असतंय तुमचं?" हे वाक्य आईला पाठ होतं. नऊ-दहा वर्षांची झाल्यावर तीच आज्जांच्या शेजारच्या ओळीत बसायला लागली. त्यांची पाटी ओतायच्या आधी हिरव्या मिरच्या वेचून ओच्यात घ्यायची, म्हणजे आजीची बोलणी चुकायची.

"मोठी झाल्यावर मीबी म्हणायला लागले," आई म्हणाली. "एवढं बी कळत न्हाई व्हय अप्पा, म्हणून. ते हसायचे नुसते."

बराच वेळ ती तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "आळशी न्हवते तर."

माझ्यावर काय आलं, कुणाकडून आलं, आत्याला काय उत्तर द्यायचं, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. मी वंशावळीतलं प्रश्नचिन्ह खोडून टाकलं. शास्त्राच्या दृष्टीनं तो पुरावा नव्हे हे मला कळतं. पण मावशीच्या दोन मुलांपैकी थोरल्याला मी पुढे ते पुस्तक दाखवलं, तेव्हा त्यानंही एकवीसच वाचले.

शाळेत माझी ही गोष्ट मी लपवली नाही. आमचा फळा हिरवा होता आणि त्यावर लाल खडूनं लिहिलेलं मला पुसट दिसायचं. कार्टी मुद्दाम लाल खडूनं काहीबाही लिहून ठेवायची. ते मी वर्गात सांगून टाकलं आणि खोडी संपली. घरी मात्र एकदा चांगलीच फजिती झाली. १९९५ साली बायकोच्या डोहाळजेवणाला हिरवी साडी आणायची होती. दुकानदाराला रंग विचारायची लाज वाटली, म्हणून स्वतःच निवडून आणली. घडी उघडली तेव्हा बायका आधी गप्प झाल्या आणि मग हसत सुटल्या. साडी चॉकलेटी होती. आईनं पेटीतून तिची जुनी हिरवी इरकल काढून दिली आणि वेळ निभावली.

त्या वेळी पोटात होती ती माझी मुलगी. तिला माझा एक्स मिळाला, कारण द्यायला माझ्याजवळ तेवढाच होता. नंतर झालेल्या मुलाला मी वाय दिला, तो मोकळा. मुलगी मोठी झाल्यावर मी तिला सांगून टाकलं होतं. ती इंजिनिअर आहे. तिनं दोन सेकंदांत हिशेब केला. "मुलगा झाला तर पन्नास टक्के." मी म्हणालो, "हो, आणि पहिल्यावेळी छापा पडला म्हणून दुसऱ्यावेळी काटा पडेलच असं नाही." तिला कंटाळा आला. शिक्षकाच्या मुलीला तो येणारच.

तिला मुलगा झाला. गेल्या वर्षी तो पहिलीत होता आणि सुट्टीत आमच्याकडे राहिला होता. निवृत्तीनंतर मी ठिपक्यांच्या त्या पुस्तकाची एक प्रत विकत आणून ठेवली आहे. दुपारी तो आणि त्याची आई झोपाळ्यावर बसले होते. मी पुस्तक उघडलं. १२ त्यानं लगेच सांगितले. ७४ च्या पानावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "एकवीस."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्यानं पानं उलटली आणि पुढचं एक पान त्याच्यासमोर धरलं.

"पंचेचाळीस!" तो ओरडला.

"कुठे आहेत?" मुलगी वाकून बघायला लागली. तिनं पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, उजेडात नेलं. तिला नुसते ठिपके दिसत होते. नातू बोट फिरवून तिला आधी चार आणि मग पाच काढून दाखवत होता. त्याचं बोट बरोबर फिरत होतं, हे त्या घरात फक्त मला कळत होतं.

संध्याकाळी तिनं त्याची खडूंची पेटी मागून घेतली. एकेका खडूच्या कागदावर बॉलपेननं नावं लिहायला बसली. हिरवा, तपकिरी, लाल, शेंदरी. चोवीस खडू होते. मी म्हणालो, "मी मदत करू का?" तर म्हणाली, "बाबा, तुम्ही यात नकाच पडू."