झिरोचा बल्ब मीटरवर येत नाही

पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन 'झिरोचा बल्ब द्या' म्हटलं की दुकानदार काही न विचारता एक छोटा, बहुधा लाल नाहीतर हिरवा बल्ब काढून द्यायचा. एलईडीचे दिवे येईपर्यंत हे असंच चालू होतं. तो बल्ब १५ वॅटचा असे, नाहीतर १२चा. शून्य वॅट घेऊन उजेड देणारी वस्तू असू शकत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. तरी घरोघरी जिन्यात, न्हाणीत, देवापुढे हा दिवा रात्रभर जळायचा, कारण 'तो मीटरवर येत नाही'. गंमत म्हणजे पुष्कळ घरांत तो खरंच येत नसे. फिरत्या चकतीचं जुनं मीटर, त्यातून वर्षानुवर्षं झिजून जड झालेलं. एवढ्याशा भाराला त्याची चकती ढिम्म हलायची नाही. आता भिंतीवर इलेक्ट्रॉनिक मीटर आहे आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. रोजचे दहा तास धरले तर १५ वॅटचा दिवा महिन्याला साडेचार युनिट खातो. दिवा तोच राहिला, मीटर बदललं, आणि खरी गोष्ट खोटी झाली.

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्या माणसाकडे लोक बिघडलेल्या वस्तू आणतात, आणि वस्तूबरोबर तिच्याविषयीची एखादी समजूतही आणतात. विज्ञानाच्या व्याख्यानांतून या समजुती सरसकट अंधश्रद्धेच्या खात्यात टाकल्या जातात. मला ते पटत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या समजुतींपैकी बऱ्याचशा एके काळी, एखाद्या वस्तूच्या बाबतीत, अगदी बरोबर होत्या. वस्तू गेली आणि तिच्यासाठीचं शहाणपण मागे राहिलं. औषधाच्या पाकिटावर असते तशी मुदत ज्ञानावर छापलेली नसते, एवढाच घोटाळा.

पंख्याचंच घ्या. 'रेग्युलेटर कमी केला तरी वीज तेवढीच जाते' हे वाक्य जुन्या, डब्याएवढ्या रेग्युलेटरच्या बाबतीत बरंचसं खरं होतं. त्यात तारेचा रेझिस्टन्स असे, पंख्याची वाचलेली वीज त्यात तापून जाई, आणि हात लावला तर चटका बसे. आताच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर किंवा ट्रायॅक असतो. तो तापत नाही, वीज खरोखर वाचते. मोबाइलच्या बॅटरीची गोष्ट तीच. 'पूर्ण उतरू दे, मग लाव' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या सेलसाठी होता. लिथियमच्या बॅटरीला तो सोसत नाही. ती पार रिकामी करणं हाच तिला त्रास. नवा फोन आणल्यावर आठ तास चार्जिंगला लावून ठेवणारे लोक वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बॅटरीची सेवा करत असतात.

या सगळ्यात लबाडीही शिरते. एका शेजाऱ्याने मला प्लगमध्ये खोचायची एक पांढरी डबी आणून दिली. 'काका, ही लावली की बिल कमी येतं म्हणतात, बघा जरा.' उघडली. आत एक हिरवा एलईडी, त्याच्यासाठी एक रेझिस्टर आणि दोन पायांचा चौकोनी कपॅसिटर, ४ मायक्रोफॅरडचा. बाकी डबी रिकामी, वजन वाटावं म्हणून तळाला चिकटवलेला काळा गोळा. २३० व्होल्टला तो कपॅसिटर पाव अँपिअरहून थोडा जास्त करंट घेतो, पण त्यात वीज जवळजवळ खर्च होत नाही. करंट आत जातो आणि परत येतो. कारखान्यात, जिथे मोठमोठ्या मोटारी चालतात, तिथे असेच, पण भलेमोठे, कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर सुधारतात आणि बिलात त्याचा खरोखर फायदा मिळतो. कारण तिथे पॉवर फॅक्टर बिलात धरलेला असतो. घरगुती मीटर फक्त वापरलेले युनिट मोजतं. म्हणजे तत्त्व खरं, कपॅसिटर खरा, पत्ता चुकीचा. विकणाऱ्याला तो पत्ता चांगला माहीत असतो.

आता रेडिओकडे येतो. माझं मन तिथेच आहे.

रेडिओ खरखरला की माणूस पहिली गोष्ट काय करतो? एरियलची दांडी ओढून लांब करतो. मीडियम वेव्हवर पुणे केंद्र लावलेलं असतं, ७९२ किलोहर्ट्झ, आणि हा दांडी डावीकडे-उजवीकडे करत बसतो. त्या दांडीचा मीडियम वेव्हशी काही संबंध नसतो. ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण काढलं तर वरच्या बाजूला एक काळी कांडी दिसेल, पेन्सिलीहून थोडी जाड, बोटभर किंवा जरा जास्त लांब. पडली तर काचेसारखी तुटते. ती फेराइटची. तिच्यावर रेशमाचं आवरण असलेल्या अगदी बारीक तारेचे वेढे असतात, आणि ते मेणाने जागच्या जागी बसवलेले असतात. मीडियम वेव्हचं एरियल म्हणजे ही कांडी. तिला दिशा कळते. पुण्यात बसून ५५८वर मुंबई लावा आणि कांडीचं टोक वायव्येला, मुंबईच्या रोखाने करा, आवाज बुडतो. रेडिओ पाव वळसा फिरवा, आवाज परत वर येतो. दांडीला हात न लावता.

मग दांडी ओढायची सवय आली कुठून? रेडिओ सिलोनवरून. १९५२मध्ये केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. त्याच वर्षी सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती आली तरी लोकांनी सिलोन काही सोडलं नाही. सिलोन शॉर्टवेव्हवर येई, आणि शॉर्टवेव्हला ती दांडी खरोखर लागते. त्याच्याही आधी, व्हॉल्व्हच्या सेटच्या काळात, भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे. तिच्याशिवाय मीडियम वेव्हसुद्धा धड लागत नसे. फेराइटची कांडी आल्यावर ती गरज संपली. हाताची सवय संपली नाही.

रेडिओला थाप मारण्याविषयी मात्र मी काही वाईट बोलणार नाही. कुठेतरी ड्राय सोल्डर असतो, नाहीतर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये धूळ. थापेने सांधा क्षणभर जुळतो. निदान बरोबर आहे, उपचार अपुरा आहे.

रात्री लांबची केंद्रं लागतात याचं लोक देतात ते कारण असं, की रात्री हवा थंड आणि शांत असते. हवेच्या थंडाव्याचा यात हात नाही. दिवसा सूर्याच्या किरणांनी जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या थरात मोकळे इलेक्ट्रॉन तयार होतात. तिथे हवा अजून बऱ्यापैकी दाट असते. मीडियम वेव्हची लहर त्या इलेक्ट्रॉनांना हलवते, ते हवेच्या रेणूंवर आदळतात आणि लहरीची ऊर्जा तिथेच उष्णता होऊन संपते. दिवस मावळला की हा थर विरतो. मग लहर आणखी वर, दोन-तीनशे किलोमीटरवरच्या थरापर्यंत पोचते आणि तिथून वळून पार दुसऱ्या राज्यात उतरते. नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्री देशभर ऐकवायचा तो याच भरवशावर. मीडियम वेव्हवर रात्री काटा फिरवणं हा अजूनही माझा आवडता वेळ घालवण्याचा प्रकार आहे. आवाज हळूहळू येतो, फुगतो, बुडतो, आणि त्याच जागी खालून दुसरं केंद्र डोकं काढतं.

या लहरींना आवाजाच्या लहरी समजणारे सुशिक्षित लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या प्रकाशाच्या जातीच्या आहेत आणि सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर. दिल्लीतलं भाषण थेट प्रक्षेपणात साध्या एएम रेडिओवर पुण्यात ऐकणाऱ्याला ते मैदानातल्या शेवटच्या रांगेत, कर्णा नसताना, ऐकू येण्याआधी ऐकू येऊ शकतं. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि दारू उडवली, आणि त्याच वर्षी बंगालीत लिहिलेल्या लेखाला नाव दिलं 'अदृश्य आलोक'. बोसांच्या लहरी काही मिलिमीटरांच्या होत्या, म्हणजे आज फाइव्ह-जीच्या ज्या वरच्या पट्ट्याची इतकी भीती घातली जाते त्याच प्रांतातल्या, किंबहुना त्याच्याही पलीकडच्या.

बोसांचा शोध मार्कोनीने चोरला, हा संदेश दर काही महिन्यांनी फिरतो. १९०१मध्ये अटलांटिकपलीकडचा संकेत पकडायला मार्कोनीने जो पाऱ्याचा कोहिअरर वापरला त्याचं मूळ बोसांच्या कामात आहे, असं अभ्यासकांनी मांडलं आहे आणि मला ते पटतं. पण दूरवर संदेश धाडण्याचा धंदा उभा करणं हे बोसांचं उद्दिष्टच नव्हतं. त्यांना या लहरी प्रकाशासारख्या वागतात का, वाकतात का, परततात का, हे पाहायचं होतं. जे त्यांनी केलं ते एवढं मोठं आहे, की चोरीची फिर्याद लावून ते लहानच होतं.

आता मोबाइलचा टॉवर. आमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. 'काका, तुम्ही रेडिओवाले, तुम्हीच सांगा.' मी सांगतो, आणि कुणाचंही समाधान होत नाही. 'रेडिएशन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे क्ष-किरण आणि अणुभट्टी येते, आणि तिथली भीती खरी आहे. त्या किरणांत रेणू तोडण्याची ताकद असते. पण हिरव्या प्रकाशाच्या एका कणात जेवढी ऊर्जा असते तिच्या सहा लाखांव्या हिश्श्याहून कमी ऊर्जा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीच्या कणात असते, आणि रेणू फोडायला हिरवा प्रकाशही पुरत नाही. राहतं ते तापवणं. त्याला मर्यादा आहे: भारताने २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा लागू केली, १८०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला सुमारे ०.९ वॅट. दुपारचं ऊन तेवढ्याच जागेवर हजार वॅटच्या आसपास ओततं.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने या लहरी 'शक्यता आहे' अशा गटात टाकल्या, हे सभेतले एक गृहस्थ दरवेळी सांगतात. बरोबर आहे. त्याच गटात पूर्व आशियातल्या पारंपरिक पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत, हे ते सांगत नाहीत. मला स्वतःला विचाराल तर टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनचा डोस जास्त, कारण अंतर. आणि टॉवर लांब गेला की फोनला जोर लावून बोलावं लागतं. टॉवर हटवा म्हणणारा माणूस आपल्याच कानाजवळची शक्ती वाढवून मागत असतो. फोनच्या पाठीवर चिकटवायचे 'रेडिएशनविरोधी' स्टिकर मिळतात त्यांचंही तेच: लहर अडवली तर फोन जोर वाढवणार, नाही अडवली तर पैसे वाया.

काही समजुती कधीच खऱ्या नव्हत्या. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाइल बंद करून लांब ठेवा' हा संदेश त्यातलाच. वैश्विक किरण रात्रंदिवस आपल्यातून आरपार जात असतात, त्यांना वेळापत्रक नाही. मोबाइल खरोखर बंद ठेवायचा तो नारायणगावजवळ खोडदला. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आकाशातल्या रेडिओलहरी ऐकते. चंद्रावर एखादा चालू मोबाइल ठेवला तर तिला तो बहुतेक ताऱ्या-दीर्घिकांपेक्षा ठळक दिसेल, एवढी ती हळवी. ती काहीही बाहेर फेकत नाही, नुसती ऐकते.

मुदत संपलेल्या ज्ञानाचं सगळ्यात घातक उदाहरण विजेचं. गडगडाट सुरू झाला की फोनवर बोलू नये, ही सूचना तारेच्या फोनसाठी शंभर टक्के बरोबर होती: खांबाखांबांवरून कित्येक किलोमीटर आलेली तांब्याची तार थेट कानापर्यंत. मोबाइलला तार नाही आणि तो वीज ओढत नाही. पण शेतात माणूस दगावला की बातमीत खिशातला मोबाइल येतो, ज्याच्या आडोशाला तो उभा होता ते झाड येत नाही. लोक मोबाइल बंद करतात आणि झाडाखालीच थांबतात. पुण्याच्याच आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं, ते त्या बंद फोनमध्ये गप्प बसतं.

दामिनीच्या मागचं तंत्र रेडिओचंच. प्रत्येक वीज चमकताना रेडिओलहरींचा एक झटका सोडते; निरनिराळ्या ठिकाणचे संवेदक तो पकडतात आणि पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून जागा ठरते. जागा नाही, पण तो झटका तुम्हालाही ऐकता येतो. मे महिन्यातल्या दुपारी मीडियम वेव्हवर दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा ठेवा. वळीव अजून क्षितिजावर असतानाच तडतड सुरू होते.

फक्त हल्ली घरात बसून ते ऐकणं कठीण झालं आहे. 'मीडियम वेव्ह आता गेलं, नुसती खरखर येते' असं जे म्हणतात त्यांच्या घरातली खरखर बहुतेक वेळा घरातच तयार होते. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांच्यातली सर्किटं सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्यांचा कचरा नेमका या पट्ट्यात पडतो. सेट सेलवर चालवा, मेन स्विच पाडा, आणि ऐका. मग मेन चालू करून एकेक दिवा, एकेक चार्जर लावत जा आणि रेडिओ त्याच्याजवळ न्या. गुन्हेगार लगेच सापडतो. तो बदलणं उत्तम. बदलायचा नसेल तर त्याच्या वायरीला फेराइटचं कडं घालून तिचे दोन-तीन वेढे द्यायचे. हे कडं तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, पण मागताना नॉइज दाबायचं हवं असं स्पष्ट सांगा. नाहीतर दुकानातला पोऱ्या रेडिओच्या कांडीच्या जातीचं फेराइट हातात ठेवील. दिसायला दोन्ही सारखीच काळी असतात; त्यातली एक लहर जपते, दुसरी तिला जिरवते.