सिंदखेडराजा : मूळपुरुषांचे गाव

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला गावांची नावे मोठी बोलकी आहेत. देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा, आणि या सर्वांचे मूळ ठाणे सिंदखेड राजा. ही राजे जाधवांची खूण. जहागिरी गेल्या, पण एस.टी.च्या पाटीवरचा ‘राजा’ अजून कोणी पुसलेला नाही.

जालन्याहून मेहकरच्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवर सिंदखेडराजा लागते. लखुजीराव जाधवांचा वाडा इथेच आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी याच वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला. दरवर्षी १२ जानेवारीला इथे मोठी गर्दी लोटते. पहाटे, सूर्य उगवतीला असताना, जाधव घराण्याचे आजचे वंशज वाड्यात पूजा करतात. मग दिवसभर बायामाणसे, लेकरेबाळे यांची रीघ लागते. लेक माहेरी येते तशा बायका या गावाला येतात.

वाडा पाहून बहुतेक मंडळी परत फिरतात. त्यांनी जरा पुढे जावे. लखुजीरावांची समाधी पाहावी. ती बांधावी लागली ती फार वाईट प्रसंगाने. जुलै १६२९ मध्ये लखुजीराव देवगिरीला निजामशहाच्या दरबारी गेले आणि तिथे दगा झाला. ते स्वतः, अचलोजी व राघोजी हे दोन पुत्र आणि नातू यशवंतराव, असे एका घरातले चौघे एका दिवशी मारले गेले. घरचा एक कर्ता गेला तरी पेरणी कशी अडते, हे आपल्याला सांगायला नको. त्यातच १६३० सालापासून दख्खनभर मोठा दुष्काळ पडला. जिजाऊंच्या पोटी शिवबा जन्मले ते याच दिवसांत, फेब्रुवारी १६३० मध्ये. माहेरच्या दुःखाला सात महिनेही झाले नव्हते.

आता शेतकऱ्याने मुद्दाम पाहावे असे सांगतो. ते म्हणजे इथले पाणी. मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव. बारवेला कोरीव पुतळ्यांमुळे हे नाव पडले. पायऱ्या उतरताना मान वर करून ते पाहावेत. मोती तलावाची दगडी भिंत तर आजच्या इंजिनिअरनेही सावकाश पाहावी अशी. या भागात पावसाचा नेम नाही. गाव वसवायचे तर आधी पाणी अडवावे लागते, हे त्या लोकांनी ओळखले होते. तलवारीच्या गोष्टी आपण मुलांना हौसेने सांगतो, तळ्याची गोष्ट मात्र राहून जाते. माझ्या मते मूळपुरुषांना हार घालायचा तो तळ्याच्या भिंतीलाही घालावा, आणि जमल्यास चार पाट्या गाळही काढावा.

पण सिंदखेडचे मूळपुरुष जाधवच काय? इथे एक नवल घडले. २०२४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून समाधीच्या डागडुजीचे काम चालू होते. आवारात काही वेगळे दगड दिसले म्हणून खोदले, तर एका जुन्या देवळाचा पाया लागला. पुढे सव्वादोन मीटरच्या सुमारास शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. एक मीटर सत्तर सेंटिमीटर लांब, मीटरभर उंच. शेषावर पहुडलेले भगवान, पाय चेपणारी लक्ष्मी आणि समुद्रमंथनाचा देखावा, सारे एकाच दगडात. बारा-तेराव्या शतकातले हे काम असल्याचे तज्ज्ञ सांगतात, म्हणजे लखुजीरावांच्याही तीन-चारशे वर्षे आधीचे.

तेव्हाही इथे कोणीतरी काळी कसत होते, पांढरीवर राहत होते, देऊळ बांधण्याइतके पिकवत होते. त्यांचे आडनाव कोणाला ठाऊक नाही. समाधीजवळ उभे राहिलात तर लखुजीरावांसोबत त्यांनाही हात जोडा. ते तिथेच, डोक्याच्याही वरपर्यंत खोल, मातीखाली आहेत.