जिंजी : दूरचा गड

पुण्यामुंबईच्या माणसाला गड म्हटला की सिंहगड आठवतो, फार तर रायगड. पण मराठ्यांची राजधानी काही वर्षे थेट तमिळ मुलखात होती, हे शाळेत वाचलेले असते आणि परीक्षा संपताच विसरलेले असते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला म्हणजे जिंजी. ते वाचले आणि आम्ही निघालो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मुलगा. त्याची नोकरी नुकतीच गेली होती. घरात त्याविषयी कोणी बोलत नव्हते, आणि म्हणून दुसऱ्या कशाविषयीही धड बोलणे होत नव्हते.

तिंडीवनमहून तिरुवण्णामलैच्या रस्त्याला लागले की भाताच्या हिरव्या खाचरांमागे प्रचंड शिळांचे ढीग दिसू लागतात. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या एकाच तटाने त्रिकोणात बांधल्या आहेत. पायथ्याला कल्याणमहालाचा मनोरा, धान्याची कोठारे, देवळे, तलाव. राजगिरी सुमारे आठशे फूट उंच. पण दक्षिणेच्या उन्हात या आठशे फुटांचे सोळाशे होतात. माथ्याजवळ एक खोल घळ लागते. तिच्यावरचा पूल काढून घेतला की वर जायला वाट उरत नाही.

१६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला आणि तो मजबूत करवला. घरापासून इतक्या दूर गड कशाला, असे तेव्हा कोणाला वाटलेही असेल. बारा वर्षांनी उत्तर मिळाले. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराज वेषांतर करून निघाले आणि जिंजीला पोचले. त्याच सुमारास रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेली. राजधानी गेली, राज्य मात्र चालू राहिले. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य कारभार सांभाळत होते, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगली फौजांना स्वस्थता लाभू देत नव्हते. झुल्फिकारखान १६९० पासून जिंजीला वेढा घालून बसला तो १६९८ पर्यंत.

घळीजवळ सावलीत बसून मी हे सारे सांगत होतो. मुलगा म्हणाला, "पण बाबा, शेवटी किल्ला गेलाच ना?"

"गेला," मी म्हणालो. "पण त्याआधीच महाराज निसटले होते. ते विशाळगडाला पोचले. किल्ल्याने आठ वर्षे मिळवून दिली, त्याचे काम झाले होते."

तो काही बोलला नाही. आम्ही पूल ओलांडून वर गेलो. वर पाण्याची सोय पाहिली आणि मला आज्ञापत्राची आठवण झाली. याच रामचंद्रपंतांनी म्हातारपणी, १७१५ च्या सुमारास, ते लिहिले. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, असे ते सांगतात. झरा असला तरी त्याच्यावर विसंबू नये, टाकी बांधावीत. कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. वेढ्यांचे दिवस पाहिलेल्या माणसाखेरीज हे कोणाला सुचणार? झालेल्या गोष्टींचे पंतांनी रडगाणे केले नाही. पुढच्यांच्या उपयोगी पडेल तेवढे निवडून लिहून ठेवले.

उतरताना मुलगा आपणहून बोलला. "बाबा, घरी गेल्यावर आधी हिशेब मांडू. शिल्लक किती, हप्ते किती, काय सोडता येईल. मग शोधायला किती महिने आहेत ते तरी कळेल." महिनाभरात नोकरीविषयी त्याने उच्चारलेले हे पहिले वाक्य.

खाली चहावाल्याने आमची चौकशी केली. त्याला राजाराम महाराज ठाऊक नव्हते. त्याचा राजा देसिंगू, १७१४ साली नवाबाशी लढताना पडलेला. तमिळ पोवाड्यांत तो अजून जिवंत आहे. एकाच गडावर दोन मुलुखांच्या आठवणी सुखाने नांदतात.

वाचकांपैकी कोणी जाणार असेल तर दिवाळीत जाऊ नये, तिकडे तेव्हा पावसाळा असतो. जानेवारीत जावे, सकाळी लवकर चढावे, माकडांपासून पिशवी जपावी. आणि पाणी मात्र भरपूर बरोबर घ्यावे.