शिरा पाहणारा हात

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. परंतु त्याच हाताच्या कातडीखाली जे रक्त अहोरात्र धावत असते, ते पाहावयाचे म्हटले की डोळस माणूसही आंधळा ठरतो. आपले जुने वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहत, आणि ती बोटे तयार होण्यास कित्येक वर्षे लागत. आता ध्वनिलहरींचे यंत्र आले आहे. यंत्र आले म्हणजे शिकण्याचे कष्ट सरले, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. गेल्या वर्षी सुरतेस जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही जे पाहिले व ऐकले, ते म्हणूनच प्रिय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुरत म्हटली की मराठी माणसास १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. आज मात्र खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी तेथे स्थायिक झाली आहेत. लिंबायत व उधना या भागांत यंत्रमागांच्या खडखडाटातून मराठी बोल कानी पडतात. आमच्या वसईकडील एक कन्या तेथील एका रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. डॉक्टरकीची पदवी मिळाल्यावर क्ष-किरण व सोनोग्राफी यांच्या अभ्यासाची ही आणखी तीन वर्षे. सोनोग्राफी आपल्या माताभगिनींस परिचित आहेच. परंतु त्याच यंत्राने मानेतील, हातापायांतील रक्तवाहिन्याही तपासता येतात, आणि सध्या ती कन्या तेच शिकत होती.

या तपासणीस डॉप्लर असे म्हणतात. क्रिस्टियन डॉप्लर हा ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ. १८४२ साली प्राग येथे त्याने आपला सिद्धान्त मांडला. फलाटावर उभे असता येणाऱ्या गाडीची शिटी उंच स्वरात ऐकू येते व गाडी पुढे निघून जाताच तोच स्वर खाली उतरतो, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. १८४५ साली हॉलंडात धावत्या आगगाडीवर तुतारीवाले बसवून हा सिद्धान्त पडताळून पाहण्यात आला. धावणाऱ्या रक्तकणांवरून परतणारा ध्वनीही असाच बदलतो, व त्यावरून रक्ताची दिशा आणि वेग कळतो. अनुवंशशास्त्राचा पाया घालणारे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल हे १८५१ साली व्हिएन्नाच्या विद्यापीठात गेले, तेव्हा याच डॉप्लरच्या हाताखाली पदार्थविज्ञान शिकले, हे आम्ही त्या कन्येस सांगितले तेव्हा तिला मोठी मौज वाटली.

मग तिने आम्हांस आपल्या शिक्षणाची हकीकत सांगितली. पडद्यावर रक्त तांबडे व निळे दिसते. नवशिक्यास वाटते, तांबडी ती धमनी व निळी ती शीर. तिच्या गुरूंनी पहिल्याच दिवशी हातातील तपासणीचा दांडा उलटा फिरवला आणि तांबड्याचे निळे झाले! रंग केवळ दिशा सांगतो: रक्त दांड्याकडे येते आहे की त्यापासून दूर जाते आहे, एवढेच. ध्वनीचा किरण व रक्ताचा प्रवाह यांतील कोन साठ अंशांच्या आत ठेवावा लागतो. तो चुकला की वेगाचा आकडा चुकतो, आणि यंत्र तो चुकीचा आकडाही तितक्याच ऐटीत दाखवते. कानही तयार करावा लागतो. पायाच्या निरोगी धमनीचा आवाज तीन पदांचा असतो; वाट अरुंद झाली की तिच्या पलीकडे तो एकपदी व मंद होतो.

शिरेत रक्ताची गाठ आहे की नाही हे पाहण्याची रीत तर अगदी साधी आहे. जांघेपासून पोटरीपर्यंत दर दोन बोटांवर दांड्याने शीर हळूच दाबावयाची. निरोगी शीर दाबताच मिटते. गाठ असलेली मिटत नाही. रीत साधी, परंतु किती दाबावे व काय पाहून थांबावे, हे पुस्तकातून येत नाही. गुरूंच्या शेजारी उभे राहून शेकडो पाय तपासावे तेव्हा हात शहाणा होतो.

त्याच आठवड्यात एका मागकामगाराचा पाय तिने तपासला होता. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घातल्यानंतर पाय सुजला होता. गाठ वेळीच सापडली, रक्त पातळ ठेवण्याचे औषध सुरू झाले. तीच गाठ सुटून फुप्फुसात गेली असती, तर घडीभरात प्राणावर बेतले असते.

परंतु पुढे तिने जे सांगितले, त्याने आम्ही विचारात पडलो. त्या कामगाराची आई बाहेरच्या ओसरीत तिला गाठून म्हणाली, “ताई, तुम्ही आपल्या मराठीतल्या. माझ्या सुनेला पाचवा महिना आहे. तेवढं काय आहे ते बघून सांगा ना.” भिंतीवर कायद्याची पाटी टांगलेलीच होती. कन्या म्हणाली, “मावशी, ते विचारूही नका.” “राग आला का गं तुला?” असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “नाही फादर, वाईट वाटलं. मुलाचा पाय वाचवणाऱ्या यंत्राकडे तिने दुसरं काय मागितलं!”

या एका प्रश्नापायी केवढा अनर्थ झाला आहे! गुजरातेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ च्या शिरगणतीत ९२८ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८८३ झाल्या. आपले महाराष्ट्र राज्यही निर्दोष नाही. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली येथेच करावा लागला, तो उगाच नव्हे. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला व २००३ पासून तो अधिक कडक झाला. सोनोग्राफीचे यंत्र नोंदणी झालेल्या जागीच ठेवावे लागते. ते कोणी हाताळावे याचेही नियम आहेत. पोटाच्या सोनोग्राफीसाठी साध्या पदवीधर डॉक्टरांस सहा महिन्यांचे शिक्षण घेण्याचा नियम २०१४ साली निघाला.

इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या देशांत रक्तवाहिन्यांची ही तपासणी डॉक्टर नसलेले, परंतु पदवीनंतर याच विषयाचे खास शिक्षण घेतलेले तंत्रज्ञ करतात. आपल्याकडे ती बहुतेक डॉक्टरांच्याच हाती राहिली आहे, आणि असे डॉक्टर शहरांत. खेड्यातल्या मधुमेही आजोबांचा काळा पडू लागलेला पाय, किंवा डायालिसिसवरील रुग्णाच्या हाताची शीर तपासावयास दूर जावे लागते. याला कारणे पुष्कळ आहेत. परंतु यंत्राभोवतीचे हे कुंपण सरकारने लहरीने घातलेले नाही. लेकी नकोशा झालेल्या घरांनी ते घालावयास लावले. अविश्वास आपण कमावला, आणि त्याचा भार सुजलेल्या पायाच्या गरिबावरही पडतो. कुंपण आज काढून टाकावे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ज्या दिवशी ओसरीत तो प्रश्न विचारणारे कोणी उरणार नाही, त्या दिवशी शिकलेल्या परिचारिकेच्या हाती असे यंत्र विश्वासाने देता येईल. म्हणून या विद्येचे अर्धे शिक्षण महाविद्यालयात होते, व उरलेले अर्धे आपल्या घरांत.

वाचकांनी एवढे अवश्य लक्षात ठेवावे: बाळंतपण, शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा दीर्घ अंथरुणानंतर एकच पाय अकस्मात सुजला व दुखू लागला, तर तो तेलाने चोळीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावा. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. आणि तेथे पडद्याकडे पाहत बसलेल्या त्या शिकाऊ हाताला, जे विचारू नये ते कधीही विचारू नये.