कुंझुमच्या दोन बाजू, आमदार एक

मनालीहून निघालात की थोड्याच वेळात अटल बोगदा लागतो. नऊ किलोमीटरचा बोगदा संपला आणि उजेडात आलात की समोर उघडे डोंगर, खाली चंद्रा नदी आणि काठाने वाटाणा-बटाट्याची शेतं. तुम्ही लाहौलमध्ये पोहोचलात! आणि नकळत एका वेगळ्याच विधानसभा मतदारसंघातही शिरलात.

लाहौल-स्पिती हा हिमाचल प्रदेशच्या 68 मतदारसंघांपैकी क्षेत्रफळाने सर्वात मोठा आणि मतदारसंख्येने सर्वात लहान. जवळपास 13,800 चौरस किलोमीटरमध्ये मतदार साधारण 25 हजार. एवढ्या जागेत पावणेचार गोवे मावतील. गोवा विधानसभेत 40 आमदार पाठवतो, इथून एकच जातो.

एक नाव, दोन खोरी

थोडं पुढे तांदी गावापाशी थांबा. इथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या भेटतात आणि चंद्रभागा होते. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा. ही मात्र पुढे काश्मीरकडे वळते आणि चिनाब म्हणून ओळखली जाते. नाव ऐकून आपल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात, ते जोडूद्यात.

तांदीजवळच केलांग हे जिल्ह्याचं मुख्यालय. स्पितीचं मुख्य गाव काझा मात्र डोंगरापलीकडे, आणि मध्ये 4,551 मीटर उंचीची कुंझुम खिंड. उन्हाळ्यात ही खिंड ओलांडून काझ्याला जाता येतं. हिवाळ्यात ती बर्फाने बंद झाली की काझ्याच्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या मुख्यालयात जायला किन्नौर, शिमला, कुल्लू, मनाली असा सहा-सातशे किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून प्रशासनाने काझ्याला स्वतंत्र अतिरिक्त उपायुक्त बसवला आहे. आमदार मात्र दोन्ही खोऱ्यांना मिळून एकच.

2020 च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाला, तेव्हा रोहतांगच्या बर्फामुळे अर्धं वर्ष अडकून पडणाऱ्या लाहौलची सुटका झाली. कुंझुमखाली असा बोगदा नाही. त्यामुळे एकाच मतदारसंघाच्या एका भागाला बारमाही रस्ता आहे आणि दुसऱ्याला तो वळसा.

बर्फ ठरवायचा मतदानाची तारीख

हा जिल्हा 1960 मध्ये पंजाबात तयार झाला आणि 1 नोव्हेंबर 1966 ला हिमाचलमध्ये आला. पण राज्य मतदान करायचं तेव्हा इथले रस्ते अनेकदा बर्फाखाली असायचे. 1998 मध्ये बाकीच्या राज्याने फेब्रुवारीत मतदान केलं, तर लाहौल-स्पिती, किन्नौर आणि भरमौर या तीन आदिवासी मतदारसंघांनी जूनमध्ये. 2003 लाही तसंच झालं.

याचा अर्थ लक्षात घ्या. सरकार बनलेलं, मंत्री ठरलेले, आणि त्यानंतर इथल्या माणसाने मत द्यायचं. अशा वेळी विरोधी उमेदवाराला मत देण्याआधी कोणीही दोनदा विचार करेल, कारण रस्ता, शाळा, दवाखाना, सगळं सरकारकडूनच यायचं असतं.

2007 मध्ये उलटं झालं. इथे 14 नोव्हेंबरला मतदान झालं, बहुतेक राज्यात 19 डिसेंबरला. मतमोजणी 28 डिसेंबरला होईपर्यंत इथली मतं सहा आठवडे कुलपात होती. 2012 पासून सगळं राज्य नोव्हेंबरात एकाच दिवशी मतदान करतं, आणि इथला मतदारही निकाल माहीत नसताना मत देतो. इतरांना साधी वाटणारी ही गोष्ट इथे बऱ्याच उशिरा आली.

दीड-दोन हजारांचा खेळ

मतदार कमी, त्यामुळे फरकही लहान. 2017 मध्ये भाजपचे रामलाल मार्कंडा 1,478 मतांनी जिंकले. 2022 मध्ये काँग्रेसचे रवी ठाकूर यांनी त्यांना 1,616 मतांनी हरवलं.

मग 2024 चा फेब्रुवारी आला. राज्यसभेच्या एका जागेसाठी काँग्रेसच्या सहा आमदारांनी पक्षाविरुद्ध मत दिलं. त्यांत लाहौल-स्पितीचे आमदारही होते. दोन्ही उमेदवारांना 34-34 मतं पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लागला! दिल्लीत कोण बसणार, हे ठरवताना या बर्फाळ कोपऱ्याचं मत इतर कोणत्याही मताइतकंच जड ठरलं.

पुढे अर्थसंकल्पाच्या वेळी पक्षादेश मोडल्याबद्दल हे सहाही जण अपात्र ठरले आणि 1 जूनला पोटनिवडणूक झाली. रवी ठाकूर यावेळी भाजपकडून आणि मार्कंडा अपक्ष उभे होते. जिंकल्या काँग्रेसच्या अनुराधा राणा, 1,960 मतांनी. 1972 मध्ये लता ठाकूर निवडून आल्या होत्या. त्यानंतर तब्बल 52 वर्षांनी इथून बाई विधानसभेत गेली. वाटेत शेतांकडे नीट पाहाल तर राबणाऱ्या बायकाच जास्त दिसतील. पण रिवाजाप्रमाणे वडिलोपार्जित जमीन मुलग्यांकडे जाते. म्हणून या निकालाकडे फक्त पक्षाचा विजय म्हणून पाहू नका.

तुम्ही जाल तेव्हा

स्पितीला जायचं तर शिमला-किन्नौरमार्गे जा आणि कुंझुममार्गे परत या. चढण हळूहळू होते आणि विरळ हवेची शरीराला सवय होते. जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम, पण खिंड उघडी आहे का हे आधी विचारून घ्या. मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर काझ्यात एक दिवस नुसता आराम करा.

नंतर की मठ पाहा आणि जमलं तर ताशीगंगपर्यंत जा. 15,256 फुटांवरचं हे जगातलं सर्वात उंच मतदान केंद्र मानलं जातं. 2022 च्या नोव्हेंबरात तिथे 52 मतदार होते आणि सगळ्या 52 जणांनी मतदान केलं. थंडी होती, चढ होता, तरी एकही घरी थांबला नाही.

पुढच्या निवडणुकीला तुमचं केंद्र बहुधा घरापासून दोन गल्ल्यांवर असेल. उन्हाचा किंवा रांगेचा कंटाळा आला, तर ताशीगंगची ही 52 माणसं आठवा, आणि चप्पल पायात घाला.