काट्यावर न दिसणारी जमा

कळव्यातील एक किराणा व्यापारी तीन महिने रोज, दुकान उघडण्यापूर्वी, अर्धा तास चालत होते. वडिलांचा मधुमेह त्यांनी जवळून पाहिला होता. वजन मात्र जागचे हलेना. ज्यांचा जन्म तोलण्यात गेला, ते काट्याला खोटे कसे म्हणणार? त्यांना चालणेच व्यर्थ वाटू लागले.

हिशेब मांडला असता उलगडा होतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात; अर्धा तास झपझप चालण्याने जेमतेम दीडशे खर्ची पडतात. गल्ल्यावर बसून चहासोबत खाल्लेली मूठभर शेव तेवढी भरपाई सहज करते. भुकेपेक्षा चार घास कमी घेण्याचे ऊनोदरी तप येथे उपयोगी पडते.

तथापि केवळ रोख शिल्लक पाहून पेढीची पत ठरत नाही. नियमित चालण्याने रक्तदाब व रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, स्नायू बळावतात, पोटाचा घेर घटू शकतो. काटा यांपैकी कशाचीही नोंद घेत नाही.

परवा कळवा स्थानकाचा जिना ते न थांबता चढले. कमरेचा पट्टाही एक भोक आत सरकला होता. वजन तेवढेच होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा चालावयास निघाले.